इंग्रजी शिकवायला चालली माझी लेक

ऑगस्टातली गोष्ट. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम ऐन रंगात आला होता. ज्यांनी हा बाजार पाहिलेला नाही त्यांना सांगतो, त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. वीस-वीस किलोच्या जाळ्यांनी भरलेल्या पिकअप रांगा लावून उभ्या असतात आणि हाताखाली फोन दाबून धरल्याशिवाय कुणी बोलत नाही. मी एका आडतीवर हिशेब लिहितो. कविता करतो हे लोकांना ठाऊक आहे, पण पोट हिशेबावर चालतं. अशा गर्दीत माझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "अब्बा, हो गया. चिठ्ठी आ गयी."

चिठ्ठी थायलंडमधल्या एका शाळेची होती. चार-पाच वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी तिची निवड झाली होती. मी पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेल्या आमच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय झालं, शेखभाऊ? भाव पडला का?" मी सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि मग अगदी साधेपणानं म्हणाला, "पण इंग्रजी शिकवायला त्यांना गोऱ्या बाया मिळत नाहीत का?"

श्रोतेहो, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्याच्या प्रश्नानं माझ्या मनात जे सुरू झालं, ते आज तुमच्यासमोर मांडावं म्हणून मी इथं आलो आहे.

आधी मुलीबद्दल थोडं. तिचा जन्म 1999 चा. 2000 सालच्या जूनपासून महाराष्ट्र शासनानं मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. तेव्हा त्यावर केवढं वादळ उठलं होतं, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मीही विरोधातला. पोराला अजून नीट मराठी वाचता येत नाही आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजीचं ओझं कशाला, असं मी चार ठिकाणी बोललोही होतो. पाच वर्षांनी माझीच मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली आणि 'माय इंग्लिश बुक' घेऊन घरी आली. गुरुजींना स्वतःला इंग्रजी बोलायची सवय नव्हती. ते टेपरेकॉर्डर लावत आणि मुलांबरोबर स्वतःही म्हणत. मुलं आणि गुरुजी एकाच वेळी शिकत होते. पुढे ती इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि गावाजवळच्या एका इंग्रजी शाळेत लहान गटाला शिकवू लागली. पगार महिना आठ हजार, तोही कधी दोन महिन्यांनी. तिथून तिनं बाहेर बघायला सुरुवात केली.

बाहेरच्या जाहिराती मी तिच्याबरोबर वाचू लागलो तेव्हा एक शब्द सारखा आडवा येऊ लागला. 'नेटिव्ह स्पीकर हवेत.' म्हणजे इंग्रजी ज्यांची जन्माची भाषा आहे असे. आता गंमत बघा. इंग्रजांच्या राज्यात नेटिव्ह म्हणजे आपण. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत शाळा काढणाऱ्या संस्थेचं नावच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होतं. नेटिव्ह शब्द ऐकला की आपल्या आजोबा-पणजोबांच्या कपाळाला आठी पडायची. दोनशे वर्षांनी तोच शब्द उलटा फिरून आला आहे. आता आम्ही नेटिव्ह नाही म्हणून आम्हाला नको!

आणि हा नेटिव्हपणा ठरतो कशावरून? जिभेवरून नाही, पासपोर्टवरून. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताचा त्या देशाशी व्यापार करार झाला, तो 2010 पासून लागू झाला, तेव्हा कुठे आपल्या शिक्षकांसाठी एक बारीकशी फट उघडली. थायलंडमध्ये आपल्या माणसाला इंग्रजीची परीक्षा देऊन गुण दाखवावे लागतात. माझ्या मुलीनं ती दिली. गुण चांगले पडले. तरी एका मुलाखतीत समोरच्या माणसानं तिला म्हटलं, "तुम्ही भारतीय असून इंग्रजी किती छान बोलता!"

तिनं हे मला रात्री जेवताना सांगितलं. ती चिडलेली होती. मी मात्र हसलो आणि तिला ते आवडलं नाही. पण मी हसलो कारण हे वाक्य मी गेली पस्तीस वर्षं ऐकतो आहे. "शेखसाहेब, तुम्ही मुसलमान असून मराठी किती शुद्ध बोलता!" कविसंमेलनात माझी कविता झाल्यावर हमखास कुणीतरी येतो, माझा हात हातात घेतो आणि मनापासून हेच म्हणतो. तो कौतुकच करत असतो. त्याला काय उत्तर द्यायचं? मी याच मातीत जन्मलो, माझे आजोबा इथंच द्राक्षाच्या नव्हे, ज्वारीच्या काळात मजुरी करून गेले. मला दुसरी कुठली भाषा लिहिता येते? श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले त्याला शतकं लोटली. शाहीर अमर शेखांच्या डफावर महाराष्ट्र उभा राहिला. 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि वर्तमानपत्रातली ती बातमी कापून वहीत ठेवली होती. तरीही पाहुणा म्हणून मला या भाषेच्या ओसरीवरच बसवतात. आता माझी लेक दुसऱ्या एका भाषेच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली आहे, एवढाच फरक.

पण मग मला दुसरी बाजूही आठवते. मराठी ही ज्यांची आईची भाषा नव्हती, अशा माणसांनी मराठीसाठी काय केलं? थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि त्यानं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते 1616 साली छापलं गेलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला. आजही एखादा जुना शब्द अडला की मी त्याचंच पान उघडतो. आणि शिक्षिकेचंच उदाहरण हवं असेल तर सिंथिया फॅरारचं घ्या. ही अमेरिकेतली अविवाहित बाई 1827 साली मिशनच्या वतीनं मुंबईला उतरली. मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली आणि 1862 मध्ये तिथंच वारली. तिची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतल्याचं फुले चरित्रांमध्ये सांगितलेलं आहे. त्या बाईचं मराठी कसं असेल? उच्चार नक्कीच आपल्यासारखे नसणार. पण तिच्या वर्गातल्या मुली शिकल्या. माझ्या मुलीच्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले यांचं आहे. माझ्या वेळी नुसतं पुणे विद्यापीठ होतं. तो कागद हातात घेऊन मी तिला म्हटलं, "बेटा, दोनशे वर्षांपूर्वी एक बाई समुद्र ओलांडून इकडे आली, आता तू तिकडे चाललीस. उधारी फिटते आहे असं समज."

हे झालं मोठं बोलणं. प्रत्यक्ष तयारी म्हणजे कागद, कागद आणि कागद.

आमच्या भागातल्या लोकांना कागदांचं नवल नाही. द्राक्षं युरोपला पाठवायची तर आधी बागेची नोंदणी करावी लागते, फवारण्यांची वही ठेवावी लागते, प्रयोगशाळेचा दाखला लागतो. 2003 साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये कीडनाशकाचे अंश सापडले आणि त्यातून आपण शिकलो. आता कुठल्या बागेतला घड कुठल्या पेटीत गेला ते शोधून काढता येतं. माणसाचंही तसंच असतं, हे मला या वर्षी कळलं. फक्त द्राक्षाला आडनाव नसतं.

आडनावानंच आमचा घात केला. मराठीत आम्ही शेख. दोन अक्षरं. आजवर कुणी चुकीचं लिहिलेलं नाही. पण इंग्रजीत? शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं आणि आधार कार्डावर तिसरं. कुठे 'ए आय', कुठे 'ई आय', कुठे नुसता 'ई'. माणूस एकच, पण कागदाच्या दृष्टीनं तीन मुली. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, पासपोर्ट दुरुस्त करा, पोलिसांचा दाखला काढा. विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र, त्यावर राज्य सरकारची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाची, मग त्या देशाच्या वकिलातीची. एका अक्षरानं आमचे तीन महिने खाल्ले. ज्यांची मुलं आता शाळेत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलाचे सगळे दाखले काढा आणि इंग्रजीतलं नाव सगळीकडे एकच आहे का ते पाहा. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पंचवीस वर्षांनी ती फार महाग पडते.

दुसरी गोष्ट एजंटाची. एका एजंटानं दीड लाख मागितले. म्हणाला, "मुलगी पर्यटक म्हणून जाईल, तिकडे पोचली की कागद करू." माझी बायको दागिने काढायला निघाली होती. मुलीनं मात्र त्याला त्याचा परवाना क्रमांक विचारला. तो गडबडला. श्रोतेहो, परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून त्यानं तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नसतात. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर बघता येते. हे मला माझ्या मुलीनं शिकवलं.

आणि भीती खोटी नव्हती. थायलंडात नोकरी म्हणून नेलेली आपली मुलं सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन कोंडली गेली, त्यांच्याकडून फोनवरून लोकांना लुबाडायची कामं करून घेतली गेली. परराष्ट्र मंत्रालयानं 2022 मध्येच इशारा दिला होता. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना तिथून परत आणलं. ती बातमी दूरदर्शनवर लागली त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "मुलीला कुठे पाठवतोस? लग्न करून दे." माझ्या मोठ्या भावानं तर बोलणंच सोडलं. खरं सांगतो, मीही दोन रात्री झोपलो नाही. शेवटी मुलीनं कागदांची फाइल माझ्यासमोर ठेवली. शाळेचं पत्र, शाळेचा पत्ता, तिथं आधीपासून शिकवणाऱ्या एका भारतीय शिक्षिकेशी झालेलं बोलणं, कामासाठीचा वेगळा व्हिसा, आणि पोचल्यावर मिळायच्या काम-परवान्याची माहिती. म्हणाली, "अब्बा, तुम्ही आडतीवर पट्टी तपासता तशी तपासा." मी तपासली. एक-एक पान. कुठे बेरीज चुकली नव्हती. मग मी हो म्हणालो.

आता शिकवण्याची तयारी. हा सगळ्यात गोड भाग. शाळेला पंधरा मिनिटांच्या पाठाची चित्रफीत हवी होती. मुलीनं गल्लीतली सात-आठ पोरं ओसरीवर जमवली. 'ए फॉर ॲपल' सुरू केलं तर एका पोरानं विचारलं, "ताई, सफरचंद कुठं पिकतं?" ती थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं चित्रं बदलली. जी फॉर ग्रेप्स, ओ फॉर ओनियन, टी फॉर टोमॅटो. मी आडतीवरून एक जाळी आणून दिली. पोरांनी टोमॅटो हातात घेतला, फेकला, झेलला, लाल म्हटलं, गोल म्हटलं, पाच मोजले. सगळं इंग्रजीत. लहान मुलाला भाषा अशीच येते. आधी हात-पाय हलतात, मग कान भरतो, मग तोंड उघडतं आणि सगळ्यात शेवटी अक्षर. आपण नेमकं उलटं करतो. अक्षर आधी घोटवतो आणि तोंड उघडायची वाट पाहतो.

पाठासाठी ती थायी भाषेतले शब्द शिकू लागली तेव्हा आमच्या घरात रोज नवा शोध लागू लागला. त्यांच्या वर्णमालेचा क्रमही आपल्या क-ख-ग-घ सारखाच आहे, कारण त्यांची लिपीही मुळात ब्राह्मीच्याच घराण्यातली. भाषेला ते 'फासा' म्हणतात. दूरध्वनीला 'थोरसप' म्हणतात, त्यात आपले 'दूर' आणि 'शब्द' दडलेले आहेत. आणि शिक्षकाला म्हणतात 'ख्रू'. म्हणजे गुरू! बालवाडीला शब्द आहे 'अनुबान'. लिहिताना त्याच्या शेवटी 'ल' असतो, पण थायी जीभ शेवटच्या 'ल'चा 'न' करते. म्हणून तिकडचं मूल 'बॉल'ला 'बॉन' म्हणतं. मुलगी म्हणाली, "हे ठाऊक नसेल तर मी त्या पोराला उगीच दहा वेळा चूक म्हणत बसेन." मला हे फार पटलं. ज्याला इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्याला ती कुठे अडते हे कळायचं नाही. जो स्वतः अडखळत शिकला, त्याला वाटेतला प्रत्येक दगड ठाऊक असतो. आपणही इंग्रजीतले दोन वेगळे 'व' एकाच 'व'मध्ये उरकतो. त्याबद्दल माझ्या मुलीनं कॉलेजात पुष्कळ ऐकून घेतलं आहे.

एक शंका मात्र माझ्या मनात आहे आणि ती मी तिच्यापुढे मांडली. ज्या मुलांना अजून त्यांची स्वतःची अक्षरं येत नाहीत, त्यांच्या डोक्यावर तू इंग्रजी ठेवणार, हे बरोबर आहे का? लहानपणी शिकवण्याची भाषा मुलाच्या तोंडातलीच असावी, असं युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 1953 सालीच सांगितलं होतं. आपलं 2020 चं शैक्षणिक धोरणही शक्य तिथं पाचवीपर्यंत तेच सांगतं. 2025 साली पहिलीपासून हिंदीचा प्रश्न आला तेव्हा महाराष्ट्रात केवढी ओरड झाली आणि शेवटी 29 जूनला शासनाला ते निर्णय मागे घ्यावे लागले. मग थायी मुलांच्या बाबतीत वेगळा न्याय कसा?

मुलीनं उत्तर दिलं नाही. तिनं उलट मलाच विचारलं, "तुम्हाला मराठी कुणी शिकवलं?"

मी पहिलीत गेलो तेव्हा घरात आमची दखनी वळणाची बोली. मला मराठी समजायचं, पण तोंडातून निघायचं नाही. पहिल्या आठवड्यात बाईंनी कांद्याचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, "प्याज." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, प्याज आणि कांदा, आणि सगळ्या वर्गाला दोन्ही म्हणायला लावले. म्हणाल्या, "आज आपण सगळे एक शब्द जास्त शिकलो." त्या दिवशी माझी घरची भाषा त्यांनी दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला लावली असती, तर मी मराठी शिकलो असतो, पण मराठीत कविता केली नसती. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मुलीला मी एवढंच सांगितलं. मूल त्याच्या भाषेत जे म्हणेल ते आधी ऐक, तूही म्हण, मग तुझा शब्द त्याच्या शेजारी ठेव. त्याच्या जागी ठेवू नकोस. ती म्हणाली, प्रयत्न करीन, पण शाळेचा नियम वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं असा असू शकतो. असूही शकतो. नोकरी म्हटली की मालकाचं ऐकावं लागतं, हे आडतीवरच्या माणसाला कुणी सांगायला नको. माझी शंका पूर्ण मिटलेली नाही. पण ती आपल्याबरोबर घेऊन चाललेली शिक्षिका ती न घेता जाणाऱ्या शिक्षिकेपेक्षा बरी, असं मला वाटतं.

तिकडचं दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं, त्यामुळे दिवस थोडे उरले आहेत. तिच्या अम्मीनं मसाल्याच्या पुड्या बांधल्या आहेत. बेदाणे आहेत, गुळाच्या ढेपेचा तुकडा आहे. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या दादीनं विचारलं, "वहाँ खाएगी क्या?" तिकडेही मुसलमान वस्ती आहे, हलालचा शिक्का सगळीकडे दिसतो, हे सांगितल्यावर म्हातारीचं निम्मं समाधान झालं. उरलेल्या निम्म्यासाठी ती रोज दुआ करते.

परवा शाळेकडून शेवटचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, 'पहिली भाषा'. एकच शब्द मावेल एवढा. मुलीनं विचारलं, "अब्बा, यहाँ क्या लिखूँ?" मी आयुष्यभर या रकान्याशी झगडत आलो आहे. घरी आलेल्या शिरगणतीच्या माणसानं मला न विचारताच उर्दू लिहायला घेतलं होतं आणि मी त्याचं पेन धरलं होतं. मी म्हटलं, रात्रभर विचार करून सांगतो.

सकाळी उठलो तर तिनं फॉर्म भरून पाठवूनही दिला होता. मी विचारलं, काय लिहिलंस? तिनं दाखवलं. बारीक अक्षरात, रकान्याच्या रेघेबाहेर थोडं जाऊन, तिनं दोन्ही भाषा लिहिल्या होत्या. आधी मराठी, मग स्वल्पविराम, मग उर्दू. मी म्हटलं, "अगं, एकच लिहायची होती ना?"

"जागा एकाचीच होती," ती म्हणाली. "पण शाळेनं घेतला फॉर्म."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)